जखम एकाची, उपचार घराचा
(मंडळाच्या महिला शाखेच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी बाई. माझ्याजवळ शिक्षकाचे प्रमाणपत्र आहे, डॉक्टरची पदवी नाही. म्हणून मनाच्या उपचारावर बोलायला उभी राहताना मला थोडा संकोच वाटतो. पण मंडळाच्या बहिणी म्हणाल्या, "आपल्या पूर्वजांनी काय मिळवले ते सगळेच सांगतात. त्यांनी काय सोसले आणि त्याचे पुढे काय झाले, ते तुम्ही सांगा." म्हणून मी उभी आहे.

मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे ती आपल्या देशाची नाही, आपल्या जातीधर्माची नाही. ती अमेरिकेची. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीकडे मिलवॉकी शहरात गेले होते. भाची तिथे समाजसेविकेचे काम करते. तिच्या कपाटातले एक पुस्तक काढून ती मला म्हणाली, "मावशी, हे वाच. ही बाईसुद्धा आधी तुझ्यासारखी शाळेत शिकवत होती. आणि तिने शिक्षिकेचे शिक्षण याच शहरात घेतले." त्या बाईचे नाव व्हर्जिनिया सॅटिर.

व्हर्जिनियाचा जन्म १९१६ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या नील्सव्हिल या लहान गावात, शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच भावंडांत ती सर्वांत मोठी. ती पाच वर्षांची असताना तिच्या पोटात फार दुखू लागले. आईची धर्मश्रद्धा अशी की औषधोपचार करायचा नाही. वडिलांचे मत वेगळे. शेवटी वडिलांनी तिला दवाखान्यात नेले, पण तोपर्यंत अपेंडिक्स फुटले होते. ती कशीबशी वाचली आणि कित्येक महिने दवाखान्यात राहिली. त्याच वयात तिने ठरवले की मोठी झाल्यावर आपण आईबापांवर नजर ठेवणारी, मुलांची गुप्तहेर व्हायचे! लहान मुलाला किती कळत असते पाहा. घरात काहीतरी चालले आहे, कोणी बोलत नाही, पण ते आहे, हे तिला कळले होते.

मिलवॉकीच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात ती शिकली. ते कॉलेज आज तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे. मग काही वर्षे तिने शाळेत शिकवले. शाळा सुटल्यावर ती मुलांच्या घरी जायची, आईबापांशी बोलायची. वर्गात जे मूल आडमुठे वाटते, ते त्याच्या घरी पाहिले की समजते, हे ती तिथे शिकली. पुढे तिने शिकागोमध्ये समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि दुःखी, आजारी मनाच्या माणसांवर उपचार करू लागली.

त्या काळी मनाचा उपचार म्हणजे एक रोगी आणि एक डॉक्टर. घरच्या माणसांना दाराबाहेर ठेवायचे, अशी रीत होती. १९५१ साली सॅटिरबाईंकडे एक तरुण मुलगी येत होती. तिचे मन फार बिघडलेले होते. काही महिन्यांत मुलगी सुधारली. तेव्हा मुलीच्या आईचा फोन आला. माझ्या मुलीचे मन तुम्ही माझ्यापासून तोडता, मी कोर्टात जाईन, असे ती म्हणाली. दुसरे कोणी असते तर रागावले असते. सॅटिरबाईंना त्या धमकीच्या खाली आईची विनवणी ऐकू आली. त्यांनी आईलाच बोलावले. आई आली आणि सुधारलेली मुलगी पुन्हा पहिल्यासारखी झाली! मग त्यांनी दोघींना बरोबर बसवून काम सुरू केले. हळूहळू दोघींचे जमले. तेव्हा त्यांच्या मनात आले, या घरात बाप नाही का? बापाला बोलावले. पुन्हा सगळे विस्कटले, पुन्हा जुळवले. मग भाऊ आला. घरातला एकेक माणूस आल्यावर त्यांना समजले की आजार एका मुलीत नव्हता, तो सर्वांच्या मधल्या नात्यांत होता.

बाळाच्या पाळण्यावर आपण चिमण्या टांगतो. एका चिमणीला बोट लावा, सगळ्या हलतात. सॅटिरबाई कुटुंबाला असेच टांगलेल्या खेळण्याची उपमा देत. हलणारी चिमणी आपल्याला दिसते. बोट कुठे लागले ते दिसत नाही.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी डॉक्टर डॉन जॅक्सन आणि डॉक्टर ज्यूल्स रिस्किन यांच्याबरोबर त्यांनी एक संस्था सुरू केली आणि तिथे इतरांना कुटुंबाच्या उपचाराचे शिक्षण दिले. १९६४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले. १९७२ मध्ये 'पीपलमेकिंग' हे साध्या माणसांसाठी लिहिलेले पुस्तक आले. तेच मी भाचीच्या घरी वाचले. १९८८ मध्ये त्या वारल्या.

त्यांचे म्हणणे असे की माणसाचा एकच तुकडा घेऊन त्याला बरे करता येत नाही. माणसाचे आठ भाग त्या सांगत: शरीर, बुद्धी, भावना, इंद्रिये, इतरांशी नाते, खाणेपिणे, भोवतालची जागा आणि आत्मा. एक भाग दुखला तर दुसरा भाग बोलतो.

हे वाचताना मला माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. दर सोमवारी त्याच्या पोटात दुखायचे. मी आधी रागावले. मग वाटले, खरेच आजारी असेल. दवाखान्यात तपासले, काही सापडले नाही. एक दिवस मी त्याला जवळ बसवून विचारले, "बाळा, काल काय जेवलास? कुठे झोपलास? घरी कोण कोण होते?" तेव्हा कळले की शनिवार-रविवारी घरी भांडण व्हायचे, रविवारी रात्री चूल पेटायचीच नाही आणि हा शेजारी जाऊन झोपायचा. त्याचे पोट खरेच दुखत होते. पण दुखण्याचे मूळ पोटात नव्हते. अमेरिकेत सान डिएगोच्या डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले होते. त्याचा पहिला अहवाल १९९८ मध्ये निघाला. ज्यांच्या लहानपणी घरात मारहाण, दारू, अपमान जास्त, त्यांना पुढे हृदयाचे आणि दुसरे मोठे आजारही जास्त, असे त्यांना दिसले. लहानपण सरते, पण शरीर विसरत नाही.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. संकटात सापडलेला माणूस स्वतःला कसा वाचवतो, याचे सॅटिरबाईंनी चार प्रकार सांगितले आणि त्या ते माणसांना उभे करून, बसवून दाखवत. पहिला पाय धरणारा. तो गुडघ्यावर बसतो, हात पसरतो आणि "चूक माझीच" म्हणतो. दुसरा बोट दाखवणारा. तो ताठ उभा राहून दुसऱ्याकडे बोट करतो आणि "चूक तुझीच" म्हणतो. तिसरा दगडासारखा. तो फक्त हिशेब आणि नियम बोलतो, त्याला काही वाटतच नाही. चौथा विषय उडवणारा. घर जळत असले तरी तो विनोद करील. आणि या चौघांपलीकडे पाचवी रीत आहे. जे मनात तेच तोंडात, आणि समोरच्याचा मानही राखायचा. ती मात्र शिकावी लागते.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बसले. कारण मला मिलवॉकीत बसून आपला उसाचा मळा दिसला.

आपली माणसे रत्नागिरीकडून, सावंतवाडीकडून मुंबईला आली आणि तिथून जहाजाने या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या त्या चढल्या, आज त्या पायऱ्या जागतिक वारसा आहेत. पण पायऱ्या चढल्यावर काय झाले? हातात तिकीट, तिकिटावर नंबर. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, त्याला 'डबल कट' म्हणत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या माणसांनाही तिकीट आणि फोटो जवळ बाळगल्याशिवाय रस्त्याने चालता येईना. नसेल तर पोलीस पकडत. त्याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांनी ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा कुठे चौकशीसाठी रॉयल कमिशन आले.

अशा ठिकाणी माणूस पाय धरणार नाही तर काय करील? साहेबासमोर, सरदारासमोर मान खाली, "होय, होय." तो शहाणपणा होता. त्याने जीव वाचला, मुले जगली, म्हणून आज आपण इथे आहोत. मी त्यांना दोष देत नाही. पण बहिणींनो, दिवसभर पाय धरलेला माणूस संध्याकाळी घरी आला की काय करायचा? तो बोट दाखवायचा. आणि त्याच्यासमोर पाय धरायचे काम बायकोचे. पोरे त्या दोघांना बघून शिकायची. मळ्यातली जखम अशी घरात आली. तिकीट गेले, डबल कट गेला, कँप मोडले, पण ही उभे राहण्याची रीत आपल्याबरोबर नव्या घरात आली.

माझे वडील मळ्यातच काम करत. बाहेर इतके गरीब की कोणी धक्का दिला तरी स्वतःच माफी मागतील. घरी मात्र त्यांचा आवाज ऐकला की आम्ही भावंडे ताटावरून उठायचो. आई म्हणायची, "गप्प राहा, ते दमले आहेत." आई जन्मभर हेच म्हणाली. मी थोरली, मी शिकले, शिक्षिका झाले. मला वाटले मी यातून सुटले. धाकटा भाऊ रमच्या बाटलीत गेला. वडिलांच्या मागे घराच्या जागेवरून आमचे भांडण झाले. आईच्या तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर मी त्याला म्हणाले, "तू आईला खाल्लीस." त्यानंतर सात वर्षे आम्ही बोललो नाही. आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचे अंतर.

मिलवॉकीत मी कागदावर त्या चार आकृत्या काढल्या. आई गुडघ्यावर. भाऊ विषय उडवणारा, लग्नात सगळ्यांना हसवणारा तोच असायचा. आणि बोट दाखवणारा? तिथे मी आधी वडिलांचे नाव लिहिले. मग खूप वेळाने खाली माझे नाव लिहिले. वडिलांचा आवाज माझ्याकडे आला होता. मी तो वर्गात कधी काढला नाही, पण भावावर काढला.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत लकोटा नावाचे लोक आहेत. १८९० च्या डिसेंबरात वूंडेड नी येथे सैन्याने त्यांच्या बायकामुलांनाही मारले. त्यांची मुले दूरच्या वसतिशाळांत नेली गेली, तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलू दिली नाही. त्यांच्यातलीच एक समाजसेविका, मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट, हिने सांगितले की न रडलेले दुःख पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. दारू, मारहाण, लवकर मरण यांच्या मागे ते असते. १९९२ मध्ये तिने ब्लॅक हिल्स या त्यांच्या पवित्र डोंगरांत ४५ लकोटा कार्यकर्त्यांचे चार दिवसांचे शिबिर घेतले. आधी झाले ते तोंडाने बोलायचे, मग समजून घ्यायचे, मग एकत्र बसून रडायचे, आणि आपल्याच जुन्या विधींनी मन मोकळे करायचे. आपली कथा त्यांच्यासारखी नाही. आपली कत्तल झाली नाही, आपली माणसे करार करून आली. पण न बोललेले दुःख आपल्याही घरी आहे. आणि आपल्याकडेही उपाय आहेत. झाकरी नाचताना आपण गोल करतो, सगळ्यांची पावले एका तालावर पडतात, त्या गोलात कोणी एकटा नसतो. आपण ती फक्त कार्यक्रमापुरती ठेवली आहे.

सॅटिरबाईंची आणखी एक रीत मला फार आवडली. त्या माणसाला तीन पिढ्यांचा नकाशा काढायला सांगत. आजा-आजी कोण, कुठून आले, कधी लग्न झाले, कोणते मूल गेले, कधी घर सोडले. आईबाप लहान असताना कसे होते, हे कळले की ते आपल्याला माणूस म्हणून दिसू लागतात.

आपल्याला तर याची मोठी सोय आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. परत आल्यावर मी तिथे गेले. माझ्या पणज्याची नोंद सापडली. नंबर, नाव, बापाचे नाव, जिल्हा रत्नागिरी, वय १९, उंची, जहाज, मळा. आणि खूण म्हणून लिहिले होते: डाव्या गालावर व्रण. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. माझ्या मोठ्या मुलाचे वय तेव्हा १९ होते. शरीरावरचा व्रण लिहायला वहीत रकाना होता. मनावरचा लिहायला नव्हता. तो रकाना आपल्याला भरायचा आहे.

त्या नोंदीची प्रत घेऊन मी भावाच्या दारात गेले. जागेविषयी बोलले नाही. म्हटले, "तेराव्याला मी जे बोलले ते वडिलांच्या आवाजात बोलले. ते चुकले. तुझ्या दारूचा मला राग आहे, तो खोटा नाही. पण मला भाऊ पाहिजे." तो काही बोलला नाही. कागद हातात घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांचा होता?" सात वर्षांनंतर आमचे हे पहिले बोलणे.

त्या दिवशी त्याची दारू सुटली नाही. अशा गोष्टी नाटकात होतात. त्याला डॉक्टर लागले, दारू सोडणाऱ्यांच्या गटात जावे लागले, दोनदा तो पुन्हा घसरला. पण आता तो रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. जेवणानंतर आम्ही सॅटिरबाईंची एक साधी रीत पाळतो. ताप मोजतात तसा घराचा ताप मोजायचा. प्रत्येकाने पाच गोष्टी सांगायच्या. एक, या आठवड्यात कोणाचे काय आवडले. दोन, काय नवीन घडले. तीन, कोणते कोडे पडले आहे. चार, तक्रार काय, पण तक्रारीबरोबर उपायही सांगायचा. पाच, पुढची इच्छा काय. माझ्या नवऱ्याला पहिले तीन आठवडे फक्त "वरण चांगले होते" एवढेच सुचले. आता तोही बोलतो. वर्गातही मी शुक्रवारी हे करते. सगळ्यांत कठीण चौथी गोष्ट. मुलांना तक्रार येते, उपाय येत नाही. मोठ्यांचेही तेच आहे.

एक गोष्ट बजावून सांगते. ज्या घरात मार आहे तिथे आधी बाईने आणि मुलांनी सुरक्षित जागी जायचे. नकाशा आणि पाच गोष्टी नंतर. समजून घेणे म्हणजे सहन करणे नाही. आपल्या आजीने सहन केले कारण तिला जायला जागा नव्हती. आपल्या मुलींना आहे. आणि झोप येत नाही, जगावेसे वाटत नाही, असे असेल तर डॉक्टरकडे जायला लाजू नका. पाय मोडला तर आपण लाजतो का?

बंधू-भगिनींनो, आगमनाच्या या समारंभात आपण पूर्वजांना हार घालू, त्यांच्या कष्टांची गाणी गाऊ. ते केलेच पाहिजे. त्याबरोबर एक लहान काम प्रत्येकाने करावे, एवढी माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुम्ही लहान असताना घरात कोणाची भीती वाटायची? आणि कोणाच्या मांडीवर बरे वाटायचे?" मग गप्प बसा. लगेच उत्तर मिळणार नाही. चहा थंड होईल. होऊ द्या.

बोलावले तसे मी बोलले, चुकले असेल तर सांभाळून घ्या. आणि भाऊ मागच्या रांगेत बसला आहे. त्याला विचारूनच मी ही गोष्ट सांगितली.